प्रश्न वाचकांचे: फी माफ झाली, पण खानावळीचे काय?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की या सदराच्या टपालाचा विषय एकच होऊन जातो. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बरीच वर्षे काम केले. त्यामुळे ही पत्रे वाचताना मला त्या खिडकीपलीकडे उभे असलेले चेहरेच दिसतात: हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखल्यांच्या चार-चार झेरॉक्स, आणि मागे दाराशी उभे राहिलेले, आत यायला संकोचणारे वडील. या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून नावे वगळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

आम्ही ऊसतोडीला जाणारे लोक आहोत. मुलीला कॅपच्या दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. मुलींचे शिक्षण मोफत झाले असे सगळे सांगतात. पण महाविद्यालयात गेल्यावर, ‘आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ’ असे उत्तर मिळाले. वसतिगृहाचे तर वेगळेच. मुकादमाकडून उचल घेऊन फी भरावी का? — एक पालक, बीड जिल्हा

उचल घेऊ नका, हे आधी सांगतो आणि मग कारण सांगतो.

आपण ऐकलेली गोष्ट खरी आहे, परंतु ‘मोफत’ या शब्दात नेमके काय येते ते पाहिले पाहिजे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी जो निर्णय काढला, त्यानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मिळतो. त्याआधी हा लाभ निम्माच होता. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यातून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू होत नाही. आपल्या मुलीची जागा कॅपमधली आहे आणि महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न, विनाअनुदानित आहे. म्हणजे ती या निर्णयात बसते.

आता महाविद्यालयाने दिलेले फीचे पत्रक हातात घ्या आणि त्यातली एकेक ओळ स्वतंत्र वाचा. समजा, वर एकूण १,२५,००० रुपये लिहिले आहेत. खाली बहुधा ‘शिक्षण शुल्क’ अशी एक ओळ असेल, ‘विकास शुल्क’ अशी दुसरी, आणि त्याखाली परीक्षा, विमा, ग्रंथालय व प्रयोगशाळेची अनामत, ओळखपत्र अशा बारीकसारीक रकमा. शासन भरते ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क आपल्याकडे राहते आणि अनामतही राहते, मात्र अनामत शेवटी परत मागायची असते, जे आपल्याकडे निम्मी मुले विसरतात. म्हणजे पूर्ण रकमेची मागणी चुकीची आहे, तसेच ‘एक रुपयाही लागणार नाही’ हे गावात सांगितले जाणारे वाक्यही चुकीचे आहे. सर्वांत मोठी ओळ कोणती आणि ती कोण भरणार, एवढे कळले की माणूस घाबरत नाही.

पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना महाविद्यालयांना देण्यात आलेल्या आहेत. म्हणून आपण तोंडी वाद घालू नये. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहावा; त्यात प्रवेशाची फेरी, प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा उल्लेख करावा; ‘माझ्याकडून शिक्षण शुल्क न घेता प्रवेश निश्चित करावा, अन्यथा नकाराचे कारण लेखी द्यावे’ असे स्पष्ट लिहावे आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. माझा अनुभव असा, की लेखी कारण मागितले की निम्म्याहून अधिक कार्यालये मवाळ होतात. तेवढ्याने भागले नाही तर तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांचे विभागीय कार्यालय पुण्यातच आहे. तीच प्रत तेथे द्यावी. शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास फी भरू, असे हमीपत्र मात्र महाविद्यालय मागू शकते आणि ते देण्यात गैर काही नाही.

एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधतो, कारण ऊसतोड कुटुंबांतल्या मुली नेमक्या येथेच अडकताना मी पाहिल्या आहेत. या सवलतीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी तहसीलदारांचा चालू उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि अहवालाला पालक गावात असावे लागतात. टोळ्या मात्र दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात त्या थेट मार्च-एप्रिलला परततात. मुलगी पुण्यात, आईबाप फडात, आणि गावच्या घराला कुलूप, अशा वेळी दाखला काढणार कोण? म्हणून दर वर्षी पोळ्याच्या सुमारास, टोळीची बांधाबांध सुरू होण्याआधी, पुढच्या अर्जाला लागणारे दाखले काढून त्यांची एक प्रत मुलीच्या फोनमध्ये आणि मूळ प्रती घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदतही त्याच वेळी तपासावी. जात वैधता प्रमाणपत्र नसल्यास प्रकरण जात पडताळणी समितीकडे दाखल केल्याची पावती जपून ठेवावी आणि पाठपुरावा सोडू नये; पुढे मुदतवाढ मिळेल यावर विसंबून राहू नये.

राहण्याचे म्हणाल, तर इतर मागास प्रवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रोख रक्कम देण्याची ही योजना असून पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपये आहे. उत्पन्नाची मर्यादा येथे ८ लाख नसून २.५ लाख आहे आणि जिल्ह्यागणिक जागा ६०० आहेत, तेव्हा वसतिगृहाचा आणि या आधार योजनेचा अर्ज करण्यात दिरंगाई नको. हे पैसे मात्र ऑगस्टमध्ये हातात पडतील असे समजू नका. पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय निराळी करावी लागेल. तिच्याविषयी पुढच्या उत्तरांत आले आहे.

मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी असून लातूरला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोर्टलवर माझ्या गेल्या वर्षीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसमोर रक्कम वितरित झाल्याचे दिसते, पण माझ्या बँक खात्यात एक रुपयाही जमा नाही. महाविद्यालय म्हणते, पैसे तुझ्याकडे आले आहेत, फी भर, नाहीतर परीक्षेचा अर्ज घेणार नाही. माझ्यावर खोटे बोलल्याचा संशय घेतला जातो. — एक विद्यार्थी

तू खोटे बोलत नाहीस आणि बहुधा पोर्टलही खोटे बोलत नाही. पैसे आले असण्याची शक्यता मोठी आहे. ते दुसऱ्या खात्यात गेले असावेत, आणि ते खातेही तुझेच असेल.

हे कसे होते ते समजून घे. या शिष्यवृत्तीचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. अर्जात तू जो खाते क्रमांक लिहिलास, त्याला येथे महत्त्व नाही. आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, त्या बँकेत पैसे जातात. आता आठवून पाहा, गेल्या दोन वर्षांत कोठे अंगठा दिला होतास का? सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते, सुट्टीत काम केलेल्या ठिकाणी पगारासाठी काढलेले खाते, गावात शिबिर भरले तेव्हा पोस्टात उघडलेले खाते. यांतल्या एखाद्या खात्याने आधारची जोडणी स्वतःकडे ओढून घेतलेली असते आणि त्या खात्याचे पासबुकही आपल्याला कोणी दिलेले नसते.

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचे नाव समोर दिसते. माझ्या खिडकीवर एक मुलगा तीन महिने रोज येत असे. चौथ्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून हे पान उघडले, तेव्हा जे नाव दिसले ते पाहून तो आधी हसला आणि मग तेथेच बाकावर बसून राहिला. त्याच्या आईने मधल्या काळात फीसाठी कानातले गहाण ठेवले होते आणि शिष्यवृत्तीची रक्कम त्याच्याच नावावर, त्याला ठाऊक नसलेल्या खात्यात पडून होती.

खाते सापडले तर पैसे काढून घे आणि आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज नव्याने भर. येथे एक बारकावा आहे. खात्याला आधार ‘लिंक’ असणे आणि ते शासकीय अनुदानासाठी ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा कर्मचारी ‘लिंक आहे’ म्हणून परत पाठवील, पण तू सीडिंगचाच फॉर्म माग आणि पोच घे. कोणत्याच खात्यात पैसे नसतील तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात अर्जाचा क्रमांक आणि सीडिंग स्थितीचे छापील पान घेऊन जा.

महाविद्यालयाच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे भाग आहे. केंद्राच्या वाट्यात फी आणि निर्वाह भत्ता असे दोन्ही असते; फीचा भाग मिळाल्यावर विद्यार्थ्याने तो महाविद्यालयाला भरायचा असतो. पूर्वी फी परस्पर महाविद्यालयाला जात असे. आता ती आधी विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि नेमकी घरात बियाण्याची किंवा दवाखान्याची निकड असतानाच येते, तेव्हा ती खर्च होते; मग परीक्षेच्या अर्जावर सही अडते. घरच्यांना आधीच सांगून ठेव, की या रकमेतला एवढा भाग आपला नाही. तुझा निर्वाह भत्ता तेवढा तुझा. तो वसतिगृहात राहतोस की घरून ये-जा करतोस यावर आणि अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो: सर्वांत वरच्या गटातल्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर बी. एस्सी.सारख्या साध्या पदवीच्या तिसऱ्या गटात वसतिगृहवासीयाला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,००० रुपये. ३,००० रुपयांत वर्षभराचा एसटीचा पासही धड निघत नाही, हे मला ठाऊक आहे.

तू घर सोडून लातूरला खोली घेऊन राहत असशील, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा विचार कर. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि त्याहून लहान शहरांत त्यापेक्षा कमी रक्कम मिळते. मात्र विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी असता कामा नये आणि उपस्थिती सांभाळावी लागते. वसतिगृहाचा अर्जच न केल्यामुळे स्वाधारमधून बाद झालेली मुले मी पाहिली आहेत. जागा मिळणार नाही हे ठाऊक असले तरी तो अर्ज करायचाच.

अर्ज केल्यावर पोर्टल विसरू नकोस. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तेथून विभागाकडे जातो. एखादा दाखला अस्पष्ट असला की अर्ज दुरुस्तीसाठी तुझ्याकडे परत येतो आणि तेथेच मुदत संपेपर्यंत पडून राहतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून पाहणे, हा त्यावरचा एकमेव उपाय.

आमच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातले, त्यामुळे आमच्या मुलासाठी काहीच नाही असे दिसते. मुलाला अभियांत्रिकी करायचे आहे. सवलती सगळ्या जातीवर, मग गरिबाने काय करायचे? — एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

आपला राग मी समजू शकतो, पण ‘काहीच नाही’ हे खरे नाही, आणि या गैरसमजापायी आपल्या मुलाचे नुकसान होईल म्हणून स्पष्ट लिहितो. केवळ उत्पन्नावर आधारलेल्या सवलती महाराष्ट्रात नव्या नाहीत. यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फीसवलत, आपल्या वडिलांच्या पिढीला आठवत असेल. आज तिचा वारसा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलाला कॅपमधून प्रवेश मिळाल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन भरते. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत हा लाभ मिळतो.

त्याहून चांगली आणि कमी लोकांना ठाऊक असलेली वाट टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेची आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालणाऱ्या अभियांत्रिकी पदवी आणि पदविका अभ्यासक्रमांत मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर ५ टक्के जागा यासाठी असतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, जातीची अट नाही, अधिवास महाराष्ट्राचा लागतो आणि संपूर्ण शिक्षण शुल्क माफ होते. या जागा गुणवत्तेने जातात आणि त्यांची चढाओढ मोठी असते. कॅपमधला विकल्प अर्ज, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरताना त्याच महाविद्यालयाची तीच शाखा दोनदा दिसते: एकदा नेहमीच्या सांकेतिक क्रमांकाने आणि एकदा त्याच क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ अक्षर लावून. शेजारच्या सायबर कॅफेत घाईने अर्ज भरणारा मुलगा ते ‘टी’ बघत नाही, किंवा छपाईची चूक समजून वगळतो. आपल्या मुलाला आवडीच्या शाखेचा ‘टी’चा विकल्प आधी आणि नेहमीचा त्याखाली, अशी जोडी लावायला सांगा. ‘टी’मधून जागा घेतली की पुढे महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही, एवढे मात्र मनाशी पक्के करून घ्या.

राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना विशेष धरून आखलेली आहे. आपल्याकडे दोन एकर आहेत, तर तलाठ्याकडून अल्पभूधारक असल्याचा दाखला आजच काढून ठेवा. सातबारा आहे म्हणून तो दाखला नको, असे कोणी सांगितले तरी ऐकू नका. मुलाला बारावीला उत्तम गुण असतील, म्हणजे मंडळातल्या वरच्या २० टक्क्यांत तो बसत असेल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती आणि राज्याची दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही, तेव्हा कोणती अधिक लाभाची हे मांडून पाहावे.

आयआयटीबद्दलही अनेकदा विचारले जाते, म्हणून येथेच सांगून टाकतो. बी. टेक.चे वर्षाचे शिक्षण शुल्क २ लाख रुपये ऐकून पुढचे पाऊल मागे घेऊ नये. कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असल्यास हे शुल्क पूर्ण माफ होते, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ होते, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी आहे.

परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा प्रतिनिधी घरी आला होता. ‘मुलीच्या गुणांवर ५० टक्के स्कॉलरशिप देतो, उरलेल्याला बँकेचे कर्ज लगेच करून देतो, आज १०,००० रुपये भरून जागा अडवा,’ असे म्हणाला. कॅपची वाट बघत बसावे की हे घ्यावे? — एक आई, नांदेड

ताई, ते १०,००० रुपये आज देऊ नका. जी स्कॉलरशिप उद्या सकाळपर्यंत थांबत नाही, तिला दुकानदाराची सूट म्हणावी. वर सांगितलेल्या राज्याच्या फीसवलतींपैकी एकही तेथे लागू होणार नाही. ‘५० टक्के’ कशाचे, हे लेखी मागा: शिक्षण शुल्काचे की एकूण खर्चाचे, फक्त पहिल्या वर्षाचे की चारही वर्षांचे, आणि पुढच्या वर्षी किती गुणांखाली ती बंद होते? अशा पत्रकांत शेवटच्या ओळीत बहुधा ही गुणांची अट असते आणि ती बहुधा पहिल्याच सत्रात मोडते.

कर्जाचे म्हणाल, तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तिच्यात तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत व पुढे ठरावीक काळ व्याजात ३ टक्के सवलत आहे. परंतु ती केवळ केंद्राने निवडलेल्या संस्थांसाठी आहे. प्रतिनिधीने सांगितलेले कर्ज या योजनेतले आहे की साधे वैयक्तिक कर्ज आहे, हे कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन विचारा. मुलीचे गुण चांगले आहेत, म्हणजे कॅपमध्ये तिला काही ना काही मिळेलच.

मी सेवानिवृत्त असून वर्षाला २०,००० रुपये एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणासाठी द्यावेत असे मनात आहे. आईच्या नावाने पारितोषिक ठेवावे, की एखाद्याची फी भरावी? एवढ्या रकमेत खरोखर काही होते का? — एक वाचक, ठाणे

आपल्या पत्राने मला लिहायला हुरूप आला. पारितोषिकाची कल्पना मनातून काढून टाकावी, असे आपल्या वयाचा मान ठेवून सुचवतो. ते पहिल्या आलेल्याला मिळते, जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मिळते आणि त्याला बहुधा त्याची तितकीशी गरज नसते. फी भरण्याविषयी वर बरेच आलेच आहे. फीसाठी शासनाच्या योजना आहेत, त्या अपुऱ्या आणि कटकटीच्या असल्या तरी आहेत.

माझ्या खिडकीवरून मी जी गळती पाहिली, ती बहुतेक पहिल्या सत्रात झाली. जुलै-ऑगस्टमध्ये मुलगा शहरात येतो, कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जणांत राहतो, खोलीमालकाला अनामत आणि खानावळीला महिन्याची आगाऊ रक्कम देतो, आणि घरून आणलेले पैसे पितृपक्षापर्यंत संपतात. स्वाधार योजना असो, आधार योजना असो की निर्वाह भत्ता, रक्कम मंजूर होऊन हातात पडायला अनेकदा फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मधल्या महिन्यांत मुलगा आधी रात्रीचे जेवण सोडतो, मग एखाद्या दुकानात रात्रपाळी धरतो, मग सकाळचे तास बुडतात आणि उपस्थिती कमी पडल्याने ज्या योजनेची तो वाट पाहत होता, तिच्यातूनच बाद होतो. दिवाळीला गावी गेलेला असा मुलगा परत येत नाही आणि महाविद्यालयाच्या दप्तरात ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते.

जुन्या माणसांनी हे ओळखले होते. तरुण आंबेडकरांना १९१३ मध्ये न्यूयॉर्कला जाण्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा ११.५ पौंडांची, तीन वर्षांसाठी होती. त्यातला ‘दरमहा’ हा शब्द मला रकमेइतकाच मोलाचा वाटतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण शाळेत वाचलेले आहे. तो खर्च मुलांच्या पोटासाठी होता. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही ग्रामीण भागातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाचाच प्रश्न हाती घेतला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली आणि अनेक महाविद्यालयांतली ‘कमवा व शिका’ योजना तर याच परंपरेतली: ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात दिवसाचे दोन-तीन तास काम आणि त्याचे तासावर पैसे. बाहेरच्या रात्रपाळीपेक्षा ते शतपटीने बरे, कारण काम आवारातच असते आणि तास बुडत नाहीत.

आपल्या २०,००० रुपयांत काय होईल, असे आपण विचारता. लहान शहरातल्या एका विद्यार्थ्याची जुलै ते डिसेंबरची खानावळ त्यात बहुतेक निघते. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांना किंवा वसतिगृहाच्या रेक्टरांना भेटा. पहिल्या वर्षाच्या, अर्ज मंजूर झालेल्या पण पैसे न आलेल्या मुलांची यादी त्यांच्याकडे असते. नाव त्यांनाच ठरवू द्या. मुलाला समारंभात उभे करू नका, त्याचे छायाचित्र मागू नका. रक्कम विद्यार्थ्याच्या हातात दिली तर ती बहुधा घरी जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही; म्हणून ती महिन्याच्या महिन्याला थेट खानावळीला द्यावी. पुढे शिष्यवृत्ती आल्यावर जमेल तेवढी रक्कम त्याने याच कामासाठी परत द्यावी आणि ती पुढच्या जुलैत दुसऱ्या मुलाला मिळावी, अशी तोंडी समजूत करून घ्यावी. परत आली नाही तर तगादा लावू नये.

बहुतेक खानावळी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ पैसे घेतात आणि उशीर झाला की डबा बंद करतात, तेव्हा पहिला हप्ता ऑगस्टच्या १ तारखेला पोहोचेल असे पाहा.